ना ठेका, ना बोल

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

“मी २४ वर्षांचा असून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात बाबांसोबत शेती करतो. अमरावतीला शिकत असताना खोलीतल्या मित्राने कॉक्टो ट्विन्स नावाच्या बँडचे एक गाणे ऐकवले, आणि तेव्हापासून धुक्यातून आल्यासारखे वाटणारे हे संथ, स्वप्नाळू संगीत माझ्या मनातून जात नाही. रात्री हरभऱ्याला ओलीत करताना किंवा तुरीच्या जागलीला असताना मी तेच ऐकतो. पण नवीन काही शोधायला गेलो की फोन मला पावसाच्या आवाजाचे, झोप यावी म्हणून बनवलेले तेच ते दहा तासांचे व्हिडिओ दाखवतो. गावातल्या मित्रांना स्टँडवरच्या टपरीवर ब्लूटूथ स्पीकरवर एक गाणे ऐकवले, तर ते म्हणाले, ‘काय लावून राह्यला बे, झोप येऊन राह्यली.’ बाबा भजन मंडळात खंजेरी वाजवतात. त्यांना जेवताना ऐकवले, तर म्हणाले, ‘याले ना ठेका, ना बोल. कुठून सुरू होते अन् कुठं सरते, काही समजत नाही.’ शिवाय यातले इंग्रजी शब्द मला स्वतःलाच नीट कळत नाहीत, त्यामुळे आपण उगाच शहरी सोंग आणतो आहोत की काय, असेही वाटते. हे संगीत आणखी कसे शोधावे, आणि जवळच्या माणसांना कसे ऐकवावे?”

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रातले सर्वांत नेमके वाक्य तुमच्या बाबांचे आहे, आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिले असले तरी मला ते वर्णन म्हणून वाचावेसे वाटते. ज्याला ठेका नाही, ज्यातले बोल ऐकू येऊनही कळत नाहीत, जे कुठे सुरू झाले आणि कुठे सरले हे सांगता येत नाही, तेच हे संगीत होय. घडवणाऱ्यांनी ते जाणूनबुजून तसे घडवले आहे. खंजेरी वाजवणाऱ्या कानाने एका ऐकण्यात, तेही घास तोंडात असताना, एवढे टिपले, म्हणजे ऐकणाऱ्याचे काहीच चुकले नाही. चुकली ती वेळ. हे संगीत दुसऱ्याला ऐकवायचे असेल तर गाण्याच्या आधी वेळ आणि जागा निवडावी लागते, आणि माझा बहुतेक सल्ला याच गोष्टीभोवती फिरणार आहे.

याचे कारण या संगीताच्या उगमाशीच सापडते. ब्रायन इनो या इंग्रज संगीतकाराला १९७५ च्या जानेवारीत अपघात झाला आणि तो घरी अंथरुणाला खिळून होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने त्याला वीणेसारख्या हार्प या वाद्याची, अठराव्या शतकातल्या संगीताची एक रेकॉर्ड दिली. ती गेल्यावर त्याने मोठ्या कष्टाने ती रेकॉर्ड लावली आणि परत आडवा झाला, तेव्हा त्याच्या लक्षात आले की आवाज फारच कमी ठेवला गेला आहे आणि दोन स्पीकरपैकी एक तर वाजतच नाही. उठून आवाज वाढवण्याचे त्राण अंगात नव्हते. बाहेर पाऊस पडत होता आणि त्या पावसातून हार्पचे काही स्वर तेवढे वर येत होते. खोलीतला उजेड आणि पावसाचा आवाज जसे भोवतालाचे भाग असतात, तसेच संगीतही असू शकते, हे आपल्याला त्या दिवशी उमगले, असे इनोने स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी त्याचा ‘डिस्क्रीट म्युझिक’ हा अल्बम आला आणि १९७८ मध्ये ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’. त्या दुसऱ्या अल्बमपासून या प्रकाराला अँबियंट हे नाव रूढ झाले. ऐकणाऱ्याने लक्ष दिले तर त्याला गुंतवावे आणि नाही दिले तर त्याच्या वाटेत येऊ नये, अशी त्याची या संगीताकडून अपेक्षा होती.

‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ मी पहिल्यांदा नागपूरला एका बंद खोलीत ऐकले, तेव्हा मला ते रिकामे वाटले होते. पुढे वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या घरी, दिवेलागणीला गुरे परतत असताना अंगणात तेच पुन्हा ऐकले आणि त्याची रचनाच डोळ्यांसमोर उभी राहिली. त्यातल्या एका भागात माणसांच्या आवाजातला एकेक लांब स्वर टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या वेटोळ्यांवर फिरत ठेवला आहे. एक स्वर दर २३.५ सेकंदांनी परत येतो, दुसरा सुमारे २६ सेकंदांनी, तिसरा जवळजवळ ३० सेकंदांनी. प्रत्येकाची चाल वेगळी असल्यामुळे ते कधी एकत्र येतात, कधी एकमेकांच्या मागे-पुढे होतात, आणि आधी झालेली जुळणी जशीच्या तशी सहसा पुन्हा होत नाही. परतणाऱ्या कळपातल्या गळ्यातल्या घंट्यांचेही हेच असते, कारण प्रत्येक गाय आपल्या पावलाने चालते. तुम्ही रात्री ज्या शेतात उभे असता तिथे स्प्रिंकलरची टकटक, दूरच्या एखाद्या मोटारीची घरघर आणि रातकिडे आपापल्या चालीने वाजतच असतात. तुम्ही हे संगीत शेतात ऐकता, त्यात सोंग कसले? ज्या रीतीने ते ऐकले जावे अशी त्याच्या कर्त्याची इच्छा होती, त्याच रीतीने तुम्ही ते ऐकत आहात.

या मुद्द्यासाठी ग्रूपर या नावाने संगीत करणाऱ्या लिझ हॅरिस या अमेरिकन गायिकेचा ‘रुइन्स’ हा २०१४ चा अल्बम अवश्य ऐका. तिने तो बराचसा २०११ मध्ये पोर्तुगालमधल्या अल्जेझूर या गावी, एक पियानो आणि हातात नेण्याजोगे साधे टेप यंत्र एवढ्यावर ध्वनिमुद्रित केला. त्यात बाहेरच्या बेडकांचा आवाज आहे, पाऊस आहे; आणि एका रचनेच्या शेवटी एक बारीक ‘टीं’ ऐकू येते, ती वादळात गेलेली वीज परत आल्यावर घरातल्या मायक्रोवेव्हने दिलेली. तिने ती काढून टाकली नाही. लाइन गेल्या-आल्याने ज्यांच्या रात्रीचे वेळापत्रक ठरते, अशा आपल्या माणसांना त्या ‘टीं’मध्ये काय ऐकू येईल, हे मी वेगळे सांगायला नको.

आता शब्दांविषयी. तुम्ही ज्यांच्यापासून सुरुवात केली त्या कॉक्टो ट्विन्सची गायिका एलिझाबेथ फ्रेझर हिचे शब्द इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही कळत नाहीत. ती आवाजासाठी शब्द घेते आणि अर्थ बाजूला ठेवते. सिगुर रोस या आइसलँडच्या बँडने २००२ चा आपला एक अख्खा अल्बम अशा बोलांत गायला आहे की जे कोणत्याच भाषेतले नाहीत, आणि त्या अल्बमला नावही दिलेले नाही, फक्त दोन कंस छापले आहेत. आपल्याकडे तराणा गाताना ‘दिर दिर तोम’चा अर्थ कोणी विचारतो का? शब्द न कळण्याची लाज तुम्ही मनातून काढून टाका. आणि हे मोठ्या शहरातल्या सुखवस्तूंचे संगीत आहे असे कोणी म्हणाले, तर कॉक्टो ट्विन्स हे ग्रेंजमथ या स्कॉटलंडमधल्या, तेव्हा तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या एका गावातून १९७९ मध्ये सुरू झाले, एवढे सांगावे.

नवीन कसे शोधावे, या प्रश्नाचे उत्तर मला जरा सविस्तर द्यायचे आहे, कारण तुमच्या हातात दोऱ्याचे टोक आधीच आलेले आहे आणि तुम्ही ते फोनच्या स्वाधीन केले आहे. फोन तुम्हाला तुम्ही जे सर्वांत जास्त वेळ चालू ठेवले त्यासारखेच दुसरे दाखवतो, आणि पावसाचा दहा तासांचा व्हिडिओ लावून माणूस झोपी गेला तर तो आपोआप सर्वांत जास्त वेळ चाललेला ठरतो. त्यामुळे सुचवलेल्या यादीवर विसंबू नका. जे गाणे आवडले त्याच्यासोबत कोणी वाजवले, ते कोणत्या साली आणि कोणत्या कंपनीने काढले, हे शोधून वहीत लिहा आणि त्यातल्या एखाद्या नावाच्या मागे जा. तुमच्याच बँडचे पाहू. कॉक्टो ट्विन्सच्या तिघांनी १९८६ मध्ये हॅरल्ड बड या अमेरिकन पियानोवादकासोबत ‘द मून अँड द मेलडीज’ हा अल्बम केला. त्या बडच्या मागे गेलात तर त्याने १९८० आणि १९८४ मध्ये इनोसोबत केलेले दोन अल्बम सापडतात. त्यांतला ‘द पर्ल’ हा दुसरा अल्बम मला या सगळ्या प्रकारातल्या सर्वांत सुंदर कामांपैकी एक वाटतो, पियानोचा एकेक स्वर विहिरीत टाकलेल्या खड्यासारखा खोलवर जाऊन वाजत राहतो. इनोच्या मागे गेलात तर १९८० मध्येच त्याने जॉन हॅसल या ट्रम्पेटवादकासोबत केलेला अल्बम मिळतो, ज्यात ट्रम्पेट चक्क मींड घेतल्यासारखा घसरत, श्वास सोडत वाजतो. आणि हा हॅसल ते कुठे शिकला? पंडित प्राणनाथ यांच्याकडे. प्राणनाथ हे किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. ते १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि ला मॉन्टे यंग, टेरी रायली यांच्यासारखे तिथले संगीतकार त्यांच्यासमोर तंबोरा घेऊन बसले. एकच स्वर किती वेळ आणि किती बारकाईने ऐकता येतो, हे त्यांनी तिथे शिकवले, आणि पाश्चात्त्य देशांतल्या या लांब, स्थिर स्वरांच्या संगीताच्या मुळांपैकी एक मूळ ते आहे.

किराणा म्हणजे मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांचे घराणे, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांचे, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी यांचे. ज्या भीमसेनजींचे अभंग तुमच्या भजन मंडळातल्या माणसांनीही नक्की ऐकलेले असतील, त्यांच्याच घराण्याचा एक धागा न्यूयॉर्कमार्गे फिरून तुमच्या फोनमध्ये आला आहे. मी हे अभिमान मिरवण्यासाठी सांगत नाही, कारण कॉक्टो ट्विन्सचे संगीत भारतीय आहे असे म्हणणे खोटे होईल. मला एवढेच दाखवायचे आहे की एका नावामागून दुसरे नाव शोधत गेल्यास चार पावलांत किती दूर आणि किती जवळ पोहोचता येते, आणि कोणतीही सुचवलेली यादी तुम्हाला या वाटेने नेणार नव्हती.

जपानची वाट याहून वेगळी आहे. हिरोशी योशिमुरा यांचा १९८२ चा ‘म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स’ हा अल्बम टोकियोतल्या हारा संग्रहालयाच्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडांवरून सुचला आणि आधी त्याच संग्रहालयात वाजवला गेला. येणारे-जाणारे हे कोणाचे संगीत म्हणून विचारू लागले, तेव्हा तो प्रकाशित झाला. यात फारच थोडे स्वर आहेत आणि ते निवांत, स्वच्छ आहेत. पहाटे ऐकण्यासाठी मला याहून चांगले काही माहीत नाही.

रेंज आणि डेटाचे थोडक्यात सांगते. व्हिडिओ लावून गाणी ऐकू नका, त्यात डेटा उगाच जातो. नुसता आवाज १२८ केबीपीएस दर्जाने ऐकला तर तासाला सुमारे ५८ एमबी लागतात. सोमा एफएम हे सॅन फ्रान्सिस्कोहून चालणारे, श्रोत्यांच्या देणग्यांवर उभे असलेले इंटरनेट रेडिओ केंद्र आहे, त्याच्या ‘ड्रोन झोन’ या वाहिनीवर दिवसरात्र हेच संगीत असते आणि जाहिराती नसतात. बँडकॅम्प या संकेतस्थळावर अनेक कलाकार आपले अल्बम पूर्ण ऐकू देतात, काहींची किंमत तर ‘द्याल ती’ अशी असते. तालुक्याला गेलात की चांगल्या रेंजमध्ये उतरवून घ्या आणि शेतात नेटशिवाय ऐका.

मित्रांचे आता पाहू. स्टँडवरच्या टपरीवर चहाचे ग्लास वाजत असतात, एसटीचा हॉर्न असतो, पाच जण एकाच वेळी बोलत असतात. शिवाय या संगीतातला निम्मा जीव दोन कानांमधल्या अंतरात असतो. गिटारचा आवाज डावीकडून उजवीकडे सरकतो, प्रतिध्वनी मागे राहतो, आणि एका लहान ब्लूटूथ स्पीकरमध्ये ते सगळे एका ठिकाणी गोळा होऊन नुसता गोंगाट उरतो. याच कारणाने एकाच इअरफोनची एकेक बाजू दोघांनी घेऊन ऐकणेही टाळा, कारण मग दोघांनाही अर्धेच गाणे मिळते. एका छिद्रातून दोन इअरफोन जोडता येतील अशी लहान वायर मोबाइलच्या दुकानात मिळते, ती घ्या. आणि पाच मित्रांना एकदम ऐकवण्याचा नाद सोडा. जो एरवीही कमी बोलतो, असा एकच मित्र निवडा. रात्री मोटारसायकल बाजूला लावून कुठल्यातरी पुलावर तुम्ही दोघे बसला असाल, तेव्हा एकच गाणे ऐकवा. मॅझी स्टार या बँडचे ‘फेड इन्टू यू’ हे १९९३ चे गाणे किंवा स्लोडाइव्ह या ब्रिटिश बँडचे ‘अ‍ॅलिसन’ मी सुचवीन, कारण दोन्हींत संथ का होईना पण ठेका आहे आणि धरून ठेवता येईल अशी चाल आहे. भारतातलेच काही हवे असेल तर कोलकात्याच्या पारेख अँड सिंग या जोडीचा ‘ओशन’ हा अल्बम ऐकवा. मित्राला आवडले तर तो स्वतःहून दुसरे मागेल. नाही मागितले तर विषय सोडून द्या आणि मैत्रीत काही कमी झाले असे मानू नका. हसणाऱ्यांचे म्हणाल, तर स्लोडाइव्हची ब्रिटनच्या संगीत साप्ताहिकांनी यथेच्छ टिंगल केली होती आणि १९९५ मध्ये तिसऱ्या अल्बमनंतर कंपनीने त्यांना काढून टाकले होते. २०१४ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, तोवर त्यांची गाणी एकेका माणसाने दुसऱ्या एकेकाला ऐकवत एका नव्या पिढीपर्यंत पोहोचवली होती.

बाबांविषयी लिहिताना मी जास्त सावध आहे, कारण तिथे तुमच्याकडून एक गोष्ट राहून गेली आहे असे मला वाटते. तुम्ही त्यांना तुमचे ऐकवले, पण त्यांच्या भजनात तुम्ही अलीकडे कधी बसलात, याचा पत्रात उल्लेख नाही. एकदा जाऊन बसा. खंजेरी, टाळ आणि आवाज यांच्या खाली एकतारीचा किंवा पेटीचा जो एक स्वर सारखा धरलेला असतो, तो कान देऊन ऐका, आणि भजन थांबल्यावर तो विरतो त्या दोन-तीन सेकंदांकडे लक्ष द्या. तुकडोजी महाराजांच्या खंजेरीचा गजर आपल्या भागात कोणाला माहीत नाही? पण त्याच महाराजांनी गावोगाव सकाळचे सामुदायिक ध्यानही सांगितले, आणि गुरुकुंज मोझरीला दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट जनसमुदाय मौन उभा राहतो. बाबा त्या परंपरेतले असतील तर शांतता ऐकण्याचा त्यांचा सराव तुमच्याहून जुना आहे. त्या शांततेविषयी त्यांना विचारा, ते काय सांगतात ते ऐका, आणि त्या दिवशी फोन खिशातच राहू द्या.

मग त्यांच्यासाठी मी लाराजी या अमेरिकन वादकाचा ‘डे ऑफ रेडियन्स’ हा अल्बम निवडीन. लाराजी न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये झिदर वाजवत बसत असे, तिथे इनोने त्याला ऐकले आणि १९८० मध्ये हा अल्बम निघाला. झिदर हे आपल्या स्वरमंडलाच्या कुळातले वाद्य आहे, गायक मांडीवर घेऊन तारा छेडतात तेच. या अल्बमच्या पहिल्या बाजूच्या तीन रचनांत लाराजी त्या तारांवर लहान हातोड्यांनी सारखे आघात करतो आणि तिथे लय इतकी दाट आहे की ठेका नाही अशी तक्रार बाबांना करता येणार नाही. दुसऱ्या बाजूला तेच वाद्य हळूहळू मोकळे होत जाते, आणि पहिल्या बाजूने कान तयार झालेला असल्यामुळे ते मोकळेपण परके वाटत नाही. तुम्हाला जिथून आवडायला लागले तिथूनच त्यांना सुरू करायला लावू नका. त्यांच्या हातातल्या खंजेरीपासून सुरू करा.

शेतातल्या ऐकण्याविषयी एक कळकळीची सूचना आहे. जागलीला दोन्ही कानांत इअरफोन घालून बसू नका. रोही आणि डुकरे तर येतातच, आणि तुमच्या जिल्ह्याच्या काही भागांत वाघ-बिबट्याचाही वावर आहे. पायाशी साप सळसळला तर तोही ऐकू आला पाहिजे. स्टार्टरला हात लावताना, पाइप उचलताना, अंधारात बांधावरून चालताना इअरफोन खिशात असू द्या. बसल्या जागी फोनचाच स्पीकर हळू आवाजात ठेवा. मघाशी टपरीवरच्या स्पीकरला मी नाव ठेवले, पण रात्रीच्या शेतात गोंगाट नसतो, आणि इनोला त्या दिवशी जे ऐकू आले तेही अर्धेच, एका बाजूचे आणि पावसात मिसळलेले होते.

तेव्हा रात्रीची लाइन येईल आणि बाबा तुमच्यासोबत ओलिताला येतील, अशा एखाद्या रात्री स्प्रिंकलर लावून झाले की पुढची पाळी बदलेपर्यंत तुम्ही दोघे बांधावर बसाल, तेव्हा लाराजी लावा आणि फोन दोघांच्या मध्ये, जरा दूर ठेवा. हे कोण, कुठले, कोणत्या साली, यातले काही सांगू नका. बाबा मध्येच हरभऱ्याविषयी किंवा उद्याच्या मजुरांविषयी बोलू लागले तर बोला, संगीत बंद करू नका, कारण ते बोलण्याखाली चालू राहण्यासाठीच आहे. संपल्यावर कसे वाटले असे विचारू नका. पाइप बदलायची वेळ झालेली असेल, तेव्हा उठा आणि पाइप बदला.